४० वर्षं रशियाचं परराष्ट्र खातं सांभाळलं, पण जगाने नाव लक्षात ठेवलं ते चेस्टनटच्या पुडिंगमुळे

पॅरिस, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या जुन्या धाटणीच्या रेस्टॉरंटचा मेन्यू हातात घेतला, तर गोडाच्या पदार्थांमध्ये एक नाव सापडू शकतं. नेसेलरोड. कधी पुडिंगला जोडलेलं असतं, कधी आइस्क्रीमला, कधी पायला.

नाव ऐकून वाटतं, एखादं फळ असेल किंवा गाव असेल. पण हे एका माणसाचं आडनाव आहे. तो आचारी नव्हता, हलवाईही नव्हता. तो होता रशियन साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री. १८१६ ते १८५६ अशी सलग ४० वर्षं तो या पदावर होता. त्याने नेपोलियनच्या नाकाखाली हेरगिरी चालवली, युरोपचा नकाशा आखणाऱ्यांमध्ये तो होता, आणि त्याच्याच काळात रशिया क्रिमियाच्या युद्धात होरपळला. त्याच्या काळातल्या एका प्रकरणाची खूण तर आपल्या मुंबईत, कुलाब्यात आजही उभी आहे.

तर या माणसाची आणि त्या पुडिंगची गोष्ट नेमकी काय आहे, ते बघू.

जन्म पोर्तुगालमध्ये, रक्त जर्मन, नोकरी रशियाची

कार्ल रॉबर्ट नेसेलरोडचा जन्म डिसेंबर १७८० मध्ये लिस्बनला झाला. वडील जुन्या जर्मन सरदार घराण्यातले, पण नोकरी रशियाची. ते पोर्तुगालमध्ये रशियाचे राजदूत होते. बाळाचा बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडच्या अँग्लिकन पंथानुसार. शिक्षण झालं बर्लिनमध्ये. म्हणजे जन्म एका देशात, घराणं दुसऱ्या, पंथ तिसऱ्या आणि चाकरी चौथ्या देशाची.

आज आपल्याला हे विचित्र वाटेल. पण तेव्हाच्या युरोपात मुत्सद्देगिरीची भाषा फ्रेंच होती आणि सरदार मंडळी देश बघून नाही, तर दरबार बघून नोकरी धरायची. नेसेलरोडला फ्रेंच आणि जर्मन उत्तम यायचं. रशियन मात्र आयुष्यभर कच्चंच राहिलं. ज्या देशाचा तो ४० वर्षं परराष्ट्रमंत्री होता, त्याच देशाची भाषा त्याला धड येत नव्हती. याचा राग रशियातल्या अनेकांच्या मनात शेवटपर्यंत होता.

सुरुवातीला त्याला नौदलात घातलं, मग सैन्यात. दोन्हीकडे जम बसला नाही. अंगाने लहानखुरा आणि स्वभावाने शांत असलेला हा पोरगा शेवटी परराष्ट्र खात्यात आला आणि तिथे मात्र रमला. बर्लिन, हेग असं करत १८०७ च्या सुमारास तो पॅरिसच्या रशियन वकिलातीत पोहोचला.

नेपोलियनच्या घरातली हेरगिरी

तेव्हा नेपोलियन शिखरावर होता. रशियाचा झार अलेक्झांडर पहिला याने त्याच्याशी १८०७ मध्ये तह केला होता. वरवर दोस्ती होती, पण आतून दोघांनाही एकमेकांचा भरवसा नव्हता.

याच काळात नेपोलियनचा माजी परराष्ट्रमंत्री तालेरां हा आपल्याच सम्राटाविरुद्ध रशियाला माहिती विकत होता. ही माहिती रशियापर्यंत पोहोचवण्याचं काम १८१० मध्ये नेसेलरोडकडे आलं. पत्रं थेट झारच्या विश्वासातल्या माणसाकडे जायची. स्वतः राजदूतालाही त्याचा पत्ता नसायचा.

पत्रांमध्ये तालेरांचं खरं नाव कधीच यायचं नाही. कधी तो चुलतभाऊ ऑन्री असायचा, कधी कायद्याचा सल्लागार, कधी देखणा लिअँडर, तर कधी चक्क अ‍ॅना इव्हानोव्हना नावाची बाई. नेपोलियन रशियावर चालून येणार, हे मॉस्को पेटायच्या कितीतरी आधी झारला कळत होतं, त्यामागे हे धागेदोरेही होते.

तालेरां हे नाव लक्षात ठेवा. कारण स्वयंपाकघराची गोष्ट इथूनच सुरू होते.

सासरा रव्याचा, जावई चेस्टनटचा

१८१२ च्या सुरुवातीला नेसेलरोडचं लग्न झालं. मुलगी मारिया ही रशियाचा अर्थमंत्री द्मित्री गुर्येव याची लेक.

आता गंमत बघा. या गुर्येवच्या नावानेही एक गोड पदार्थ आहे. गुर्येव काशा. रवा दुधात शिजवायचा, त्यात दुधावरच्या भाजलेल्या सायीचे थर घालायचे, वरून सुकामेवा आणि साखरेत मुरवलेली फळं. आपल्या शिऱ्याचा श्रीमंत रशियन मावसभाऊच म्हणा. असं सांगतात, की हा पदार्थ झाखार कुझमिन नावाच्या एका भूदास आचाऱ्याने केला होता. गुर्येवला तो इतका आवडला की त्याने त्या आचाऱ्याला कुटुंबासकट विकत घेतलं. आचारी विकत घेता येत होता, असा तो काळ. पदार्थाला नाव मात्र लागलं मालकाचं.

म्हणजे सासरे अर्थमंत्री, जावई परराष्ट्रमंत्री, आणि आज दोघांचीही ओळख टिकून आहे ती गोडाच्या वाटीमुळे.

१८१४ : पॅरिस पडलं आणि आचारी कामाला लागले

नेपोलियन रशियात हरला, जर्मनीत हरला आणि मार्च १८१४ मध्ये शत्रूचं सैन्य पॅरिसच्या दारात आलं. शहर ताब्यात देण्याच्या वाटाघाटींमध्ये झारच्या बाजूने नेसेलरोड होता. ३१ मार्चच्या सकाळी तो शहरात शिरला आणि थेट जुन्या मित्राकडे, म्हणजे तालेरांकडे गेला. काही तासांत झार स्वतः तालेरांच्या घरी उतरला.

त्या काळी तालेरांच्या मेजवान्यांचं नाव युरोपभर होतं. त्याच्याकडे काम केलेला मारी-आंत्वान कारेम हा तेव्हाचा सगळ्यात गाजलेला आचारी. झार पॅरिसमध्ये असताना कारेमने त्याच्यासाठीही स्वयंपाक केला. मुत्सद्दी लोक तेव्हा टेबलावर राजकारण करायचे. चांगला आचारी ठेवणं ही हौस नव्हती, तो कामाचा भाग होता. पाहुण्याचं पोट भरलं, की जीभ सैल सुटते, हे तालेरांला पक्कं माहीत होतं. नेसेलरोडनेही तेच उचललं. स्वतः खाण्याचा शौकीन होताच, त्याने चांगला फ्रेंच आचारी पदरी ठेवला.

या आचाऱ्याने केलेलं पुडिंग म्हणजे आपलं नेसेलरोड पुडिंग. चेस्टनट उकडून त्याचा लगदा करायचा. दूध, साय, अंड्याचा बलक आणि साखर आटवून केलेल्या कस्टर्डमध्ये तो मिसळायचा. त्यात बेदाणे, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि माराशिनो नावाचं चेरीचं मद्य. मग फेटलेलं क्रीम घालून साच्यात गोठवायचं. फ्रिज नसलेल्या काळात गोठवलेला पदार्थ वाढणं ही श्रीमंतीचीच खूण होती.

आणि त्या आचाऱ्याचं नाव काय? तर तेही धड टिकलं नाही. जुन्या पुस्तकांमध्ये ते कुठे मुई छापलंय, कुठे मोनी.

थांबा, चेस्टनट म्हणजे शिंगाडा का?

नाही. इंग्रजीत शिंगाड्याला वॉटर चेस्टनट म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ होतो. शिंगाडा तळ्यात येतो. चेस्टनट मोठ्या झाडावर येतो, काटेरी कवचात. चव साधारण रताळ्याच्या आणि काजूच्या मधली.

फ्रेंचमध्ये त्याला दोन शब्द आहेत. शातेन्य आणि मारों. आतल्या सालीने ज्याच्या गराचे तुकडे पडतात तो शातेन्य, आणि ज्याचा गर अखंड, मोठा निघतो तो मारों. हलवायाला अर्थातच अखंड हवा. कारण त्यापासून बनते फ्रेंचांची सगळ्यात प्रसिद्ध हिवाळी मिठाई, मारों ग्लासे.

करायची पद्धत ऐकली की पेठा किंवा मोरावळा आठवेल. सोललेले चेस्टनट पातळ कापडात बांधायचे, म्हणजे फुटत नाहीत. मग व्हॅनिलाच्या पाकात मंद आचेवर दिवसेंदिवस मुरवायचे. पाक हळूहळू दाट होत जातो आणि आतपर्यंत शिरतो. शेवटी वरून साखरेची चकाकी चढवायची. ही चकाकी म्हणजे ग्लासे. हे काम घरगुती हलवायांकडून कारखान्यात नेलं ते क्लेमां फोजिए याने, १८८२ मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या प्रिवा गावात.

या शब्दानेही बराच प्रवास केला. इंग्रजीने तो जसाच्या तसा घेतला. स्पॅनिशमध्येही हीच मिठाई याच नावाने विकली जाते, पण तिथे मारोन म्हणजे तपकिरी रंग. जपानमध्ये तर मारोन हा केक आणि मिठाईच्या दुनियेत चेस्टनटसाठी रोजचा शब्द झालाय. तुर्कांनी मात्र आपलाच शब्द ठेवला. बुर्सा शहरात हीच मिठाई केस्ताने शेकेरी, म्हणजे चेस्टनटची साखर, म्हणून मिळते.

आणि आपल्याशी जोडलेला एक शब्दही आहे. फ्रेंचमध्ये हॉर्स चेस्टनटला मारों दांद, म्हणजे भारतातला मारों असं म्हणतात. प्रत्यक्षात तो भारतातला नाही, बाल्कन भागातला आहे. तुर्कस्तानमार्गे पश्चिम युरोपात आला, म्हणून पूर्वेकडचा समजून भारताचं नाव चिकटलं. शिवाय तो विषारी असतो, खायचा नसतो.

४० वर्षांची खुर्ची

आता परत नेसेलरोडकडे. नेपोलियननंतर युरोपची वाटणी करणाऱ्या व्हिएन्ना परिषदेत तो रशियाच्या प्रतिनिधींमध्ये होता. १८१६ मध्ये परराष्ट्र खातं त्याच्याकडे आलं. सुरुवातीला जोडीला कापोदिस्त्रियास होता, जो पुढे स्वतंत्र ग्रीसचा पहिला प्रमुख झाला. १८२२ नंतर मात्र नेसेलरोड एकटाच.

तीन झार त्याने पाहिले. १८२५ मध्ये अलेक्झांडर गेला, कडक निकोलस आला, तरी याची खुर्ची हलली नाही. कारण सोपं होतं. धोरण झार ठरवायचा, नेसेलरोड ते नीट फ्रेंचमध्ये लिहून काढायचा, धार कमी करायचा आणि समोरच्या देशाला पचेल असं करून द्यायचा. त्याचा स्वतःचा एकच पक्का विश्वास होता. रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया एकत्र राहिले, तर युरोपात मोठं युद्ध होणार नाही आणि राजांची सिंहासनं शाबूत राहतील. टीकाकार म्हणायचे, हा रशियाचा नाही, ऑस्ट्रियाचा मंत्री आहे.

याच काळात कवी पुश्किनही परराष्ट्र खात्याच्या पगारावर होता. १८३७ मध्ये द्वंद्वयुद्धात पुश्किन मारला गेला, तेव्हा दरबारी वर्तुळात त्याच्या विरोधकांच्या बाजूने उभ्या असलेल्यांमध्ये नेसेलरोडची बायको होती. हे रशियन वाचक अजूनही विसरलेले नाहीत.

काबूलचं प्रकरण आणि कुलाब्याचं चर्च

डिसेंबर १८३७ मध्ये व्हिटकेविच नावाचा एक तरुण रशियन अधिकारी काबूलला पोहोचला. अमीर दोस्त मोहम्मदशी त्याची बोलणी सुरू झाली. तिकडे रशियाच्या पाठिंब्याने इराणने हेरातला वेढा घातला होता. कलकत्ता आणि लंडनमध्ये घबराट उडाली. रशिया आता अफगाणिस्तानमार्गे हिंदुस्थानवर येणार, असं इंग्रजांना वाटू लागलं.

लंडनने जाब विचारला. नेसेलरोडने शांतपणे पाऊल मागे घेतलं. इराणमधल्या रशियन राजदूताला परत बोलावलं आणि काबूलच्या प्रकरणातून अंग काढून घेतलं. हेरातचा वेढा तर सप्टेंबर १८३८ मध्ये उठलाच होता.

व्हिटकेविच मे १८३९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला परतला आणि काही दिवसांतच हॉटेलच्या खोलीत गोळी लागून मेलेला सापडला. त्याची कागदपत्रं जळालेली होती. नेसेलरोडने त्याला भेटही नाकारली होती, असं सांगितलं जातं. आत्महत्या की आणखी काही, यावर आजही वाद आहे.

म्हणजे ज्या कारणासाठी इंग्रजांना भीती वाटत होती, ते कारण संपलं होतं. तरीही इंग्रज थांबले नाहीत. फौजा निघाल्या. मुंबईचं सैन्य समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरलं आणि १८३९ मध्ये काबूल घेतलं गेलं. पुढे काय झालं ते प्रसिद्ध आहे. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणारे सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे बर्फात आणि हल्ल्यांत नष्ट झाले. सैनिकांतले बहुतेक हिंदी होते.

या युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्याला एक चर्च बांधलं गेलं. १८५८ मध्ये ते खुलं झालं. तेच आपलं अफगाण चर्च. पीटर्सबर्ग, लंडन आणि कलकत्त्याच्या टेबलांवर झालेल्या त्या पत्रापत्रीची किंमत कोणी मोजली, ते बघायचं असेल तर ही वास्तू बघावी.

आणि मग क्रिमिया

नेसेलरोडला धाडस आवडायचं नाही. १८४९-५० मध्ये नेवेल्स्कॉय नावाच्या नौदल अधिकाऱ्याने परवानगीशिवाय अमूर नदीच्या मुखाशी रशियन झेंडा रोवला, तेव्हा चीन चिडेल म्हणून नेसेलरोडच्या समितीने त्याची पदावनती करून त्याला साधा खलाशी करायला सांगितलं. झारने ते ऐकलं नाही. पुढे तो सगळा प्रदेश रशियाला मिळाला.

पण ज्याने आयुष्यभर मोठं युद्ध टाळलं, त्याच्याच खात्यातून युद्धाला हातभार लागला. १८५३ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात वाद पेटला. तुर्की साम्राज्यातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं रक्षण करण्याचा हक्क आपला, असं झारचं म्हणणं होतं. हे म्हणणं जगासमोर मांडणारा मंत्री मात्र अँग्लिकन होता.

व्हिएन्नामध्ये बड्या देशांनी तडजोडीचा मसुदा केला. रशियाने तो मान्यही केला. तुर्कांनी त्यात बदल मागितले. ते बदल का नकोत, याचं नेसेलरोडच्या खात्याने एक टिपण लिहिलं. सप्टेंबर १८५३ मध्ये ते एका जर्मन वृत्तपत्रात फुटलं. त्यातून स्पष्ट झालं, की रशिया त्या मसुद्याचा अर्थ तुर्कस्तानात ढवळाढवळ करण्याचा हक्क असा लावतोय. इंग्लंड आणि फ्रान्सने मसुदा सोडून दिला. महिन्याभरात युद्ध सुरू झालं. एक फुटलेलं टिपण किती महाग पडू शकतं, याचं हे उदाहरण.

लाखो माणसं मेली, गोळीपेक्षा रोगराईने जास्त. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव याच युद्धातलं. नेसेलरोडला सगळ्यात मोठा धक्का दिला तो ऑस्ट्रियाने. १८४९ मध्ये हंगेरीतलं बंड मोडायला रशियाने ऑस्ट्रियाला सैन्य दिलं होतं. त्याच ऑस्ट्रियाने १८५५ च्या अखेरीस रशियाला निर्वाणीचा इशारा दिला. ४० वर्षं ज्या मैत्रीवर सगळं उभं केलं, तीच कोसळली. इशारा मान्य करून युद्ध थांबवा, असा सल्ला देणाऱ्यांत ७५ वर्षांचा नेसेलरोड होता. मार्च १८५६ मध्ये पॅरिसमध्ये तह झाला. ज्या शहरात तो विजेता म्हणून शिरला होता, तिथेच रशियाने हार मान्य केली. सही करायला तो गेला नाही. पुढच्याच महिन्यात त्याने परराष्ट्र खातं सोडलं.

मार्च १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या एक वर्ष आधी रशियात भूदासपद्धत कायद्याने संपली होती. आचारी विकत घेण्याचा काळ सरला होता.

माणूस गेला, नाव मेन्यूवर राहिलं

१८६७ मध्ये कारेमच्या हाताखाली शिकलेल्या ज्यूल गुफे याने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात हे पुडिंग दिलं आणि ते नेसेलरोडच्या आचाऱ्याकडून मिळाल्याचं श्रेयही दिलं. हळूहळू फ्रेंच स्वयंपाकघरात नेसेलरोड हा शब्दच चेस्टनटची खूण झाला. पदार्थाला हे नाव असेल, तर त्यात चेस्टनट असणार, हे ठरलेलं. मार्सेल प्रूस्तने १९१९ च्या आपल्या कादंबरीत एका म्हाताऱ्या मुत्सद्द्याला जेवायला बोलावलं, तेव्हा त्याच्या पानात वाढलं तेही नेसेलरोड पुडिंगच. कळणाऱ्याला चिमटा कळला.

नंतर हे नाव अमेरिकेत गेलं. विसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये नेसेलरोड पाय जोरात चालायचा. त्यात रम होती, साखरेत मुरवलेली फळं होती, पण अनेकदा चेस्टनटच नसायचा. आधी नावातून माणूस गेला, मग पदार्थातून चेस्टनट गेला. उरला फक्त शब्द.

आज व्हिएन्ना परिषद परीक्षेपुरती आठवते, व्हिटकेविच कुणाला माहीत नाही, आणि नेसेलरोड म्हटलं की लोक कस्टर्डची रेसिपी शोधतात. पुडिंग ज्याने केलं, त्या आचाऱ्याचं नाव मुई होतं की मोनी, यावर तर कुणाचं एकमतच नाही. त्यामुळे कुठे हे नाव दिसलं आणि पदार्थ मागवला, तर पहिला घास त्याच्या नावाने घ्यायला हरकत नाही.